द्राक्षांवरून गेलेली गाडी

जगातला प्रत्येक रस्ता निफाडहून निघतो आणि फिरून निफाडलाच येतो, यावर ज्याचा मनापासून विश्वास आहे असा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो माझा व्याही आहे. म्हणजे माझ्या मुलीचा सासरा. त्यांच्या घरात मुलगी दिली तेव्हा मला वाटलं होतं, आपण एका द्राक्षबागायतदाराशी सोयरीक जोडतो आहोत. नंतर कळलं की द्राक्षं हा नुसता धंदा आहे. माणूस मूळचा ड्रायव्हर. नाशिकला आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी त्यांचा एक किस्सा इतक्या वेळा सांगितला आहे की तिथली मंडळी त्यांना न भेटताच ओळखतात. ‘परदेशात स्टेअरिंगवर झोपून ज्यांनी लोकांच्या द्राक्षांवर गाडी घातली, ते तुमचेच ना व्याही?’ असं मला भाजीबाजारात थांबवून विचारतात, आणि मी हसून ‘हो’ म्हणतो. तो ‘हो’ खोटा आहे. कसा, ते आज एकदाचं लिहून टाकायचं ठरवलंय. पण आधी हा माणूस कळायला हवा. नाहीतर खोटं नेमकं कुठे आहे, तेच कळायचं नाही.

व्याहीबुवांना डावं-उजवं मान्य नाही. माणूस वळला की जे बदलतं त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या दिशा कायमच्या ठरलेल्या आहेत: चांदवडच्या अंगाला, सिन्नरच्या अंगाला, येवल्याच्या अंगाला आणि नाशिकच्या अंगाला. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा माझ्या पत्नीला म्हणाले, “विहीणबाई, ती येवल्याच्या अंगाची चटणी जरा इकडं सरकवा.” ही माहेरची कोल्हापूरची. तिला वाटलं, येवल्याला पैठणीसारखी चटणीही खास मिळते की काय. आणि ती नेमकी आपल्याकडे नाही म्हणून बिचारी ओशाळली. एकदा गुडघा दाखवायला मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, “कोणता दुखतो?” हे म्हणाले, “सिन्नरच्या अंगाचा.” डॉक्टरांनी तपासायला त्यांची खुर्ची फिरवली तर लगेच सुधारून म्हणाले, “आता चांदवडच्या अंगाचा.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली, कारण उत्तर दोन्ही वेळा बरोबर होतं.

त्यांची जीप माझ्या मुलीहून वयाने मोठी आहे. रंग एके काळी निळा असावा. ती रिकामी नेणं म्हणजे दारात आलेल्या माणसाला उपाशी परत पाठवण्यासारखं आहे, असं ते मानतात. कांद्याच्या लिलावाला लासलगावला निघाले की वाटेत जो हात करेल तो आत. मास्तर, माळकरी, माहेरवाशीण, मालेगावकडचा कापडाचा गठ्ठेवाला. एकदा मी मागे बसलो असताना माझ्या मांडीवर एक करडू आलं, आणि ज्याचं करडू तो मधेच विंचूरला काम निघालं म्हणून उतरून गेला. “असू द्या, येतो तो संध्याकाळी,” व्याही म्हणाले. आम्ही तिघं दिवसभर लासलगावात फिरलो. मी, व्याही आणि करडू.

एवढ्या मोकळ्या माणसाचे गाडीबाबतचे नियम मात्र कडक. पहिला म्हणजे जेवल्यावर स्टेअरिंग धरायचं नाही. “जेवलं की रक्त पोटात उतरतं, पाव्हणं. मग डोळ्यात काय ऱ्हातं?” हा नियम त्यांनी कोणासाठी मोडला नाही. पुतण्याच्या लग्नात नवरदेवाची गाडी ह्यांच्याकडे होती. निघायच्या आधी कोणीतरी आग्रहाने त्यांना पंगतीत बसवलं. जेवून उठले आणि लिंबाखाली सतरंजीवर आडवे झाले. नवरा-नवरी, करवल्या, वाजंत्री सगळे उन्हात उभे. नवरीच्या मामाने हात जोडले तेव्हा डोळे मिटूनच म्हणाले, “उशिरा पोचली तरी नवरीच म्हणतील तिला.” दुसरा नियम त्यांनी मला मुद्दाम शिकवला, कारण मी पाटबंधारे खात्याच्या कचेरीत हयात घालवलेला शहरी माणूस. आमच्याकडे खेड्यातल्या रस्त्यांवर शेतकरी बाजरीची कणसं, उडदाच्या शेंगा अशा पसरून ठेवतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली फुकटात मळणी होते. मी पहिल्यांदा ते पाहून गाडी बाजूने काढायला गेलो तर व्याही ओरडले, “आवो, बाजूनं काय घेता? रस्त्यावर पीक दिसलं की वरून घ्यायची. पुण्य लागतं. आणि एका फेरीत अर्धी ऱ्हाते, म्हणून एकदा मागं घ्यायची.” मी वरून घेतली, मागे घेतली, पुन्हा पुढे घेतली. बांधावरच्या म्हाताऱ्याने मला हात वर करून आशीर्वाद दिला. नोकरीत इतक्या वर्षांत मला असा आशीर्वाद कोणी दिला नव्हता. तो धडा मी मनात कोरून ठेवला, आणि तोच पुढे भोवला.

मुलगी आणि जावई जर्मनीत असतात. एका उन्हाळ्यात त्यांनी ठरवलं की दोन्हीकडच्या आईवडिलांना घेऊन समुद्रावर जायचं. आपल्याकडचा नव्हे, भूमध्य समुद्र. ग्रीसचं क्रीट नावाचं बेट. किनाऱ्याला ओळीने हॉटेलं, वाळूत छत्र्यांच्या रांगा आणि छत्र्यांखाली जगभरची माणसं तेल लावून पडलेली. आमच्या दोघांच्या बायका नातीबरोबर पाण्यात पाय बुडवून खूश. व्याही मात्र पायजमा, नेहरू शर्ट आणि पांढरी टोपी अशा वेषात आरामखुर्ची उलटी फिरवून समुद्राकडे पाठ करून बसले. येणारेजाणारे त्यांचे फोटो काढू लागले. मी म्हटलं, “व्याहीबुवा, समुद्र इकडे आहे.”

“माहितीय. चांदवडच्या अंगाला. पण पाणी खारं, पाव्हणं. ना प्यायला, ना पिकाला. बघायचं काय त्यात? तो डोंगर बघा. तिथं बाग हाय.” मग आजूबाजूला पडलेल्या मंडळींवर नजर टाकून म्हणाले, “आणि ही माणसं बघा. बेदाण्यासारखी वाळत घातलेत. दुपारून पलटी करायला कोणी येतं का?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला सांगितलं, “एक गाडी बघ भाड्यानं. नायतर मी हितंच वाळतो.”

परदेशी चालणारा परवाना आम्ही दोघांनीही नाशिकहून काढून नेला होता. त्यांनी चालवण्यासाठी आणि मी त्यांनी काढला म्हणून. जावयांनी गाडी घेतली, आमची दोघांची नावं चालक म्हणून घातली. गाडी भाड्याने देणारी मुलगी आम्हाला गाडीभोवती फिरवून कुठे ओरखडा आहे, कुठे पोचा आहे ते दाखवत होती. व्याही तिच्यामागून फिरत गाडीच्या पाठीवर बैलाला मारावी तशी थाप मारत होते. बॉनेट उघडून आत डोकावले आणि निराश झाले. “सगळं झाकलंय. इंजिन हाय का नाय ते तरी कळू द्या.” मग खिशातून हॉटेलच्या नाश्त्याला मिळालेली लिंबं काढली आणि वाकून चारी चाकांखाली ठेवू लागले. जावई शरमले.

“नाना, अहो ही भाड्याची गाडी आहे.”

“गाडी भाड्याची हाय. बसणारे भाड्याचे हायेत का?”

त्या मुलीला वाटलं, आम्ही टायरमधली हवा तपासण्याची काही भारतीय पद्धत वापरतो आहोत. ती गुडघ्यांवर बसून कौतुकाने बघत राहिली. लिंबं चिरडल्याचा आवाज आल्यावर तिने टाळ्याही वाजवल्या.

बाकीची मंडळी समुद्रावरच राहिली, आम्ही दोघंच निघालो, आणि मग माझे व्याही गाडी चालवू लागले. मला हे नीट सांगायला हवं, कारण माझ्या किश्शात हा भाग मी नेहमी गाळत आलो: त्यांनी गाडी अप्रतिम चालवली. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने जायचं असतं. मला धास्ती होती. ते म्हणाले, “आपल्याकडं तरी कोण डाव्या बाजूनं चालतंय? सगळीकडून चालायची सवय असली की कुठंच अडत नाय.” घाट लागला, एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला खाली निळा समुद्र. ते सप्तशृंगगडाला गेल्यासारखे सहज वळणं घेत होते. वाट सांगणाऱ्या यंत्रातली बाई इंग्रजीत बोलली की मला विचारायचे, “काय म्हणते?”

“डावीकडे वळा म्हणते.”

“डावीकडं म्हंजे कुठल्या अंगाला?”

मी समुद्र कुठे आहे ते बघून हिशेब करायचो. “सिन्नरच्या.”

“मग तसं सांगायचं ना तिनं.” एकदोनदा वळण हुकलं आणि बाईने शांतपणे नवी वाट शोधून दिली. व्याही हरखले. “बघा. चुकलं तरी चिडत नाय. आमच्या घरात असं एक माणूस नाय.”

गाडी रिकामी नव्हतीच. दोन उघडे, लालबुंद जर्मन तरुण घेतले, त्यांना उतरवलं. मग काळ्या झग्यातले, छातीपर्यंत दाढी असलेले एक पाद्री घेतले. व्याही त्यांच्याशी सावकाश मराठीत बोलत होते, ते ह्यांच्याशी सावकाश ग्रीकमध्ये. मधेच दोघंही खळखळून हसले. कशाला, ते मला आजतागायत कळलेलं नाही. उतरताना व्याहींनी त्यांना वाकून नमस्कार केला, आणि पाद्रीबाबा त्यांच्या टोपीवर हात ठेवून काहीतरी पुटपुटले. “भला माणूस,” व्याही म्हणाले. “ह्याचापण गुडघा दुखतो.”

दुपारी डोंगरातल्या एका खेड्यात जेवलो. वर द्राक्षाचा मांडव, खाली टेबल. ताटात काय आलं असेल? भेंडीची भाजी! टोमॅटोत शिजवलेली, वर तेल तरंगणारी. व्याहींच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. भेंडी, पाव, दही, कलिंगड असं पोटभर जेवले, उठले, आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. “नियम म्हंजे नियम. घ्या.” मी गिअर शोधेपर्यंत टोपी डोळ्यांवर ओढून ते घोरायला लागलेही होते.

इथून पुढे जे झालं ते मी केलं.

गावाबाहेर एक अरुंद सिमेंटची वाट होती. वळण घेतलं तर पुढे वाटेवर लांबच लांब कापड अंथरलेलं आणि त्यावर पिवळट-हिरवं काहीतरी पसरलेलं. दोन्हीकडे द्राक्षाच्या बागा. शहाण्या माणसाच्या ध्यानात लगेच आलं असतं. पण माझ्या ध्यानात काय आलं? धडा. रस्त्यावर पीक दिसलं की वरून घ्यायची. परक्या मुलखातही शेतकरी तोच, चालही तीच, या विचाराने मला भरून आलं. मी गाडी अगदी हळू, पूर्ण चाकं बसतील अशी, वरून घेतली. बाजरी कडकडते, हे काही कडकडलं नाही. मला वाटलं, अजून ओलं असेल. म्हणून मागे घेतली, आणि पुन्हा एकदा पुढे नेली.

गाडी मागे येताना व्याही जागे झाले. तोवर बागेतून एक काळ्या कपड्यातली म्हातारी खराटा उगारून धावत येत होती. ती काय बोलत होती ते शब्दशः कळलं नाही, पण अर्थात काही कमी पडलं नाही. व्याही खाली उतरले, चाकाला चिकटलेला एक मणी काढून तोंडात टाकला. “थॉमसन,” म्हणाले. आपल्याकडे निफाडात घरोघरी असते तीच जात. ती बाई त्याचे बेदाणे करत होती. मग माझ्याकडे वळले.

“पाव्हणं, हे काय केलं?”

“तुम्हीच म्हणाला होता, पीक दिसलं की वरून घ्यायची.”

त्यांचं पोट हलायला लागलं, पण हसू त्यांनी आतल्या आत दाबलं. “आवो, ते बाजरीला! बेदाण्याची मळणी करतं का कोणी?”

मग त्यांनी काय केलं, तर आधी वहाणा काढल्या. त्या कापडावर ते अनवाणी चढले, म्हातारीसमोर दोन्ही कान धरले आणि म्हणाले, “आक्का, चुकलं. लय चुकलं.” म्हातारीचा खराटा वरच थांबला. तिने त्यांचे अनवाणी पाय पाहिले. व्याही उकिडवे बसले आणि चिरडलेले मणी एकीकडे, चांगले एकीकडे करू लागले. थोड्या वेळाने तीही बसली. खराटा तिने माझ्या हातात दिला. मी तो धरून अंजिराच्या झाडाखाली उभा राहिलो. दुसरं काही माझ्यावर सोपवावं असं तिला वाटलं नसावं.

जावयांना मी फोन केला होता. ते येईपर्यंत व्याही उठून माझ्याजवळ आले. हाताला रस लागलेला. हळू आवाजात म्हणाले, “ऐका. गाडी मी चालवत होतो.”

“असं कसं? तुम्ही तर झोपला होता.”

“तेच. चालवता चालवता झोपलो.”

“व्याहीबुवा, अहो तुमचा नियम...”

त्यांनी हात शर्टाला पुसला. “नियम माझा हाय, त्याचं मी बघतो. तुम्ही मुलीचे बाप. जावयानं तुम्हाला दोन शब्द बोलायचे आणि माझ्या सुनेनं मान खाली घालून ऐकायचे, हे माझ्यासमोर नाय व्हायचं. मी त्याचा बाप हाय. मला बोलला तर घरातलं घरात ऱ्हातं.”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात जावई आणि मुलगी यांची टॅक्सी आली आणि ते तसंच मिटलं.

जावई रागावले नाहीत, घाबरले. घाटातला रस्ता ते बघत आले होते. “कोण चालवत होतं?” त्यांनी विचारलं. व्याही म्हणाले, “मी. जेवण जड झालं. डोळा लागला.” जावयांनी हात पुढे केला आणि लहान मुलाच्या हातून कात्री काढून घ्यावी तशी वडिलांच्या हातून किल्ली काढून घेतली. म्हातारीचं नुकसान त्यांनी भरून दिलं. तिचा मिशाळ नवरा आला होता, त्याला निघताना व्याहींनी कडकडून मिठी मारली. मुलांच्या लग्नातली आमची व्याहीभेटही इतकी घट्ट झाली नव्हती. परतीच्या वाटेवर जावई गाडी चालवत होते. माझी मुलगी मागे माझ्याशेजारी बसून म्हणाली, “बरं झालं बाबा, तुम्ही तरी जागे होता.”

निफाडला परत आल्यावर जीपची किल्ली विहीणबाईंनी तांदळाच्या डब्यात पुरली. मुलाचा हुकूम होता. नाना चालवताना झोपतात, आता नानांनी चालवायचं नाही. जीप शेडमध्ये गेली. व्याही तिला रोज पुसत. सकाळी चालकाच्या जागेवर बसून वर्तमानपत्र वाचत. भेटायला आलेल्याला तिथेच शेजारी बसवून चहा देत. मी गेलो की माझ्या गाडीतून चक्कर मारायला निघत आणि माझ्या शेजारी बसून पायाखालच्या रिकाम्या जागेत असे ब्रेक दाबत की माझ्या गाडीची चटई तिथे झिजली. ज्या माणसाने सबंध तालुका आपल्या जीपमधून वाहिला, तो लासलगावला कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून, टोपी हाताने धरून जायला लागला. लोक त्यांना चेष्टेने विचारत, “काय नाना, झोप झाली का?” तेही हसून म्हणत, “झाली की!” आणि मी काय करत होतो? मी नाशिकला तोच किस्सा रंगवून सांगत होतो. टाळ्या घेत होतो. आधी वाटलं, आता खरं सांगितलं तर मुलीला अवघड होईल. मग वाटलं, फार उशीर झाला. किस्सा चांगला झाला की खऱ्याची आठवणसुद्धा अडचण वाटायला लागते.

गेल्या दिवाळीत जावई-मुलगी आले. आम्हीही निफाडला गेलो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी विंचूरचा एक माणूस जीप बघायला आला. नुसती उभी राहून सडण्यापेक्षा विकून टाकू, असं जावयांनी ठरवलं होतं. व्याही त्याला जीप दाखवत होते, आणि मी उभ्या आयुष्यात असा विक्रेता पाहिलेला नाही.

“पहिला गिअर लाजाळू हाय. दुसरा रुसतो. हॉर्न पावसाळ्यात आपोआप वाजतो. आणि चढावर ही मागं येते.”

“नाना!” जावई म्हणाले.

“खोटं बोलून विकू का? हिला माणसाची सवय हाय. अनोळखी माणसाला ही चालू द्यायची नाय.”

गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरलं. जावयांचा संयम सुटला. “नाना, हट्ट सोडा आता. तुम्ही स्टेअरिंगवर झोपता. तिकडे द्राक्षं होती. इथे एखादं माणूस असेल!”

बोलले ते काळजीनेच. पण अंगणात मुलगी होती, विहीणबाई होत्या, परकं गिऱ्हाईक होतं. व्याहींनी मान खाली घातली आणि वहाणेच्या टोकाने माती उकरत राहिले. मान खाली घालायची ती वेळ माझी होती. त्यांनी ती माझ्यावरून काढून इतकी वर्षं स्वतःच्या अंगावर ठेवली होती, आणि मी समोर उभा राहून बघत होतो.

“जावईबापू,” मी म्हटलं, “क्रीटला गाडी मी चालवत होतो.”

सगळे माझ्याकडे वळले. मी सगळं सांगितलं. धडा, बाजरी, पुण्य, सगळं. मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली, “बाबा, तुम्ही? आणि रिव्हर्स? तोही तुम्हीच घेतलात?”

“एका फेरीत अर्धी राहते असं ऐकलं होतं,” मी म्हटलं.

आधी विहीणबाईंना हसू फुटलं, मग मुलीला. जावई हसले नाहीत. ते वडिलांकडे बघत होते. “जेवण झालं होतं,” ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले. “नाना, तुम्ही जेवल्यावर स्टेअरिंग धरलंच नसतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.” मग आईला म्हणाले, “किल्ली?”

विहीणबाईंनी डब्यात कोपरापर्यंत हात घालून किल्ली काढली. गिऱ्हाइकाने विचारलं, “मग जीप द्यायची का नाय?” त्याला कोणी उत्तर दिलं नाही; चकली आणून दिली.

मला काय वाटलं ते सांगतो. दिवसभर घट्ट बूट घालून हिंडल्यावर घरी येऊन ते काढावेत आणि गार फरशीवर पाय टेकवावेत, तसं वाटलं. लाज वाटायची होती, ती वाटली. पण तिला फार जागा उरली नव्हती. व्याही मात्र माझ्यावर संतापले होते. जीप पुसायचीही गरज नव्हती, रोजच पुसलेली. मला शेजारी बसवून त्यांनी ती बाहेर काढली आणि फाटकातून निघताच सुरू झाले.

“कशाला बोललात? एवढी वर्षं सांभाळलं ते घालवलंत. मी गेल्यावर बोलायचं होतं.”

“तुम्ही गेल्यावर जीप कोणी चालवली असती?”

मग त्यांचं पोट हलायला लागलं. क्रीटला दाबून ठेवलेलं हसू त्यांनी आत्ता सोडलं. इतकं की जीप थोडी वाकडी गेली. पहिला गिअर मुळीच लाजला नाही. लासलगावच्या वाटेवर कांद्याचे ट्रॅक्टर ओळीने निघाले होते. एकेक ट्रॅक्टरवाला ह्यांना जीपमध्ये बघून हात वर करत होता, कोणी शिट्टी मारली, एकजण ओरडला, “नाना, जागे हाये ना?” व्याहींनी माझ्याकडे अंगठा दाखवून ओरडून उत्तर दिलं, “झोपणारा हा हाय!” वाटेत तिघांना घेतलं, तिघांना सोडलं. एवढा सरळ, एवढा सांभाळून चालवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

परतताना ऊन उतरलं होतं. एका वस्तीजवळ रस्त्यावर बाजरीची कणसं पसरलेली दिसली. व्याहींनी जीप अलीकडेच थांबवली, इंजिन चालू ठेवून उतरले आणि वळसा घालून माझ्या बाजूला आले.

“सरका तिकडं. पुण्य तुमचं.”

मी सरकलो. ते शेजारी बसले, पण लगेच ‘चला’ म्हणाले नाहीत. समोरून येणारा एक ट्रॅक्टर दिवा लावून गेला. ते त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत राहिले.

“संध्याकाळची चालवायची तुम्हीच, इथून पुढं,” ते म्हणाले. “हल्ली एका दिव्याचे दोन दिसतात मला. बरेच दिवस झाले.”

“अहो, मग आधीच सांगायचं! जावयांनाही पटलं असतं.”

“काय सांगायचं? किल्ली काढूनच घेतली होती त्यानं. हातात असली तर सोडता येते, पाव्हणं.”

एवढं बोलून त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली. मी जीप हळूहळू कणसांवर घेतली. खाली चाकांना कडकड आवाज येत होता. बरोबर आवाज होता. वस्तीवरचा माणूस हात वर करून हसला. पलीकडे जाऊन मी थांबलो. शेजारी घोरणं सुरू झालं असेल असं वाटलं, म्हणून तसाच पुढे निघणार होतो.

“मागं घ्या,” डोळे न उघडता व्याही म्हणाले. “एका फेरीत अर्धी ऱ्हाते.”

मी जीप मागे घेतली.